झाकोबाची अंघोळ

केवडगावच्या झाकोबाला आजवर कुणी उघडा पाहिलेला नाही. गावानं नाही, पाहुण्यारावळ्यांनी नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याला अंघोळ घालणाऱ्या गुरवांनीही नाही. दर रविवारी सकाळी जोतिराम गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसायचा, धुतलेला पटका डोळ्यांवरून गुंडाळून मागं गच्च गाठ मारायचा आणि मगच आत सरकायचा. चाचपत चाचपत देवाचा पितळी मुखवटा उतरवायचा, खालचा मूळ देव पाण्यानं धुवायचा, कोरडा करायचा, तेल लावायचा आणि मुखवटा परत बसवायचा. एकदा मुखवटा बसला की पुढच्या रविवारपर्यंत त्याला बोट लावायचं नाही. बाहेर यायचं तेही देवाला पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी. उंबरा ओलांडला की पटका सोडायचा, तोवर नाही. दाराचा पडदाही मगच उघडायचा.

हे असं का, ते कुणी विचारत नसे. जोतिरामनं लहानपणी एकदा बापाला विचारलं होतं. बाप म्हणाला, "आईच्या पोटात असताना आईचं तोंड बघितलंवतंस का? मग? वाढलास का न्हाईस?" त्यावर काय बोलावं हे जोतिरामला तेव्हा सुचलं नव्हतं. साठी आली तरी सुचलेलं नव्हतं, खरं सांगायचं तर.

पण म्हणून त्याची चौकस खोड काही गेली नव्हती. उजनीचं धरण झालं आणि जुनं केवडगाव पाण्याखाली जायला निघालं, तेव्हा बापानं देव घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घेतला आणि या माळावर आणला. सगळं गाव पुढं चाललेलं, मागं बघायची कुणाची छाती नाही. पोरवयातला जोतिराम तेवढा घोंगडीची कड वाऱ्यानं उडते का म्हणून तिरक्या नजरेनं बघत होता. कड काही उडाली नाही. पुढं बाप गेला, अंघोळ जोतिरामकडं आली आणि डोळ्यांनी जे दिलं नव्हतं ते बोटांनी द्यायला सुरुवात केली. डाव्या अंगाला भुवईसारखी एक उंच कड. गालाच्या जागी खळगा. माथ्यामागं खोबण, तिच्यात मुखवट्याचा आकडा अडकायचा तेव्हा बारीक टक्क आवाज यायचा. बोटांनी जमवलेला तो चेहरा जोतिराम आठवडाभर मनात घेऊन फिरायचा. बायकोलाही त्यानं तो कधी सांगितला नव्हता.

यंदाचा उन्हाळा मात्र वाईट निघाला. धरणाच्या फुगवट्याचं पाणी हटत हटत पार जुन्या गावाच्या वेशीपर्यंत गेलं. मोटारी पुढं सरकवा, चारी खणा, पाइप जोडा, परत आठ दिवसांनी तेच. केळीवाल्यांचे तर जीव टांगणीला लागलेले. घड भरायला आलेले आणि पाण्याला मोटार पुरत नाही. सगळ्यांनी मिळून टाकलेली एक सामाईक पाइपलाइन होती, तिचा कारभार मानसिंगकडं. तो म्हणेल त्या दिवशी, म्हणेल त्याच्या पाण्याचा वॉल उघडायचा.

आणि अशात एका रविवारी जोतिराम गाभाऱ्यातून उलट्या पावलांनी बाहेर आला, पटका सोडला, पडदा सारला, देवाकडं बघितलं आणि तिथंच खिळला. मुखवट्याचं नाक दारावर नव्हतं. किंचित उत्तरेला वळलेलं होतं.

किंचितच. त्याला वाटलं की भास असेल, म्हणून त्यानं डोळे चोळले. मग दारासमोरच्या खांबाला पाठ टेकवून, सरळ रेषेत उभं राहून बघितलं. वळलेलंच होतं. हात लावायची सोय नाही. दर्शनाला आलेल्या बायांनी नारळ वाढवले, उंबऱ्याला कुंकू लावलं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. जोतिराम मात्र आठवडाभर विचार करत राहिला. आपण तर नेहमीसारखा बसवला. मग देव हलला कसा? भीती वाटली, हे खरंच. पण भीतीच्या आत एक नवलही होतं. इतकी वर्षं गप बसलेला देव काहीतरी सांगू बघतोय, आणि ते आपल्या हयातीत.

पुढच्या रविवारी मुखवटा सरळ सरळ उत्तरेच्या भिंतीकडं वळला. आता ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

देवळाच्या दक्षिणेला एकच वस्ती, हणमंताची. हणमंतानं शिमग्याच्या आधी देवळामागच्या लिंबाची एक फांदी तोडली होती. त्याच्या मोटारीच्या तारेला ती घासत होती आणि वारा सुटला की ठिणग्या पडायच्या. तोडताना कुणी काही बोललं नव्हतं. आता सगळ्यांना ती फांदी आठवली. देवानं हणमंताकडं पाठ केली, म्हणूनच पाणी हटायला लागलं, असं पारावर बसून ठरलं. धरणाचं पाणी पुण्यापासून सोलापूरपर्यंत सगळ्यांसाठीच हटलंय, हे कुणाच्या मनात आलं असेल तर ते त्यानं मनातच ठेवलं.

मानसिंगनं जोतिरामला पारावर बोलावलं. हणमंत लिंबाखाली उभा होता, हाताची घडी घालून.

"जोतीआण्णा," मानसिंग म्हणाला, "गावासमोर सांगा. मुखवटा तुमी नीट बसवला हुता?"

"नेमीसारखा."

"चुकून वाकडा बसला आसंल तर सांगा. माणूस हाय, चुकतंय."

जोतिरामला ते झोंबलं. त्यानं पारावर आणून ठेवलेल्या देवाच्या ताटातला भंडारा उचलून कपाळाला लावला. "ह्यो भंडारा शपथ. माज्या हातनं चूक न्हाय. देव आपला आपून फिरलाय."

त्याला त्या वेळी तसंच वाटत होतं, म्हणून त्याचा आवाज जराही कापला नाही. हणमंतानं फक्त एकदा त्याच्याकडं बघितलं आणि हाताची घडी सोडली. मानसिंगनं निवाडा दिला. देव जोवर सरळ होत नाही तोवर हणमंताचा वॉल बंद. देव सरळ झाला की हणमंतानं भर गावात देवळाला लोटांगण घालायचं, चूक कबूल करायची, मग पाणी.

मे महिन्याचं ऊन आणि केळीला पाणी नाही म्हणजे काय, ते केळीवाल्यालाच विचारावं. चार-पाच दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग पानं मधल्या शिरेला मोडून खाली लोंबायला लागली. घडाच्या वजनानं झाडं वाकली, तेव्हा हणमंत आणि त्याची म्हातारी आई दगडाबाई बांबूचे टेकू देत फिरायला लागली. जोतिराम तिकडून जाताना दगडाबाई घागरीनं एकेका झाडाच्या बुडात पाणी घालत होती. एवढ्या बागेला घागर कुठं पुरायची.

"रामराम, गुरवबाबा," ती म्हणाली. शिवी दिली असती तर बरं, असं जोतिरामला वाटलं. ती म्हणाली, "देवाला इचारा की, फांदीच्या बदल्यात किती झाडं घेणार हाय त्ये. तेवडी सोडती आन् बाकीच्यास्नी पाणी घालती. मग मेळ बसंल."

जोतिराम तसाच पुढं गेला. घराजवळ आला तेव्हा त्याची बायको मीनाबाई दारातूनच म्हणाली, "अवो, एका पायात चप्पल न्हाय तुमच्या."

त्यानं खाली बघितलं. खरंच नव्हती. चप्पल बांधावरच कुठंतरी निघाली होती आणि तापल्या फुफाट्यातून तो एक पाय अनवाणी घेऊन चालत आला होता. हे काही नवं नव्हतं. शुगर सापडल्यापासून पायाचं भान गेलेलंच होतं. अकलूजच्या डॉक्टरनं सांगितलंही होतं, पाय जपा, पुढं हातही जपा. पायाचं त्यानं ऐकलं होतं. हाताचं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं होतं.

तो चुलीशी बसला. मीनाबाई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी फुगली, तिचे हात पिठात म्हणून जोतिरामनं ती उलटली, आणि दुसऱ्या हातानं तव्याची कड धरून तवा जरा पुढं ओढला. नुसत्या हातानं.

मीनाबाईनं पिठाच्या हातानं त्याचा पंजा धरला आणि खेचला. "अवो, तवा..."

बोटांच्या पेरांवर पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. बघता बघता फोड आले. जोतिराम त्या फोडांकडं बघत राहिला. दुखत नव्हतं.

"मीना," तो म्हणाला, "तुजं पिठाचं हात माज्या हाताला लागल्यालं मला कळलं न्हाय."

"म्हंजी?"

"तू वडलंस तवा हात मागं आला, एवडंच कळलं."

मीनाबाईनं लगबगीनं पाणी आणलं, त्याचा हात बुडवला. पाणी गार आहे की कोमट, हेही त्याला कळेना. डोळे मिटले की हात जणू मनगटाशीच संपत होता. आणि मग त्याला ते टक्क आठवलं. मागच्या दोन्ही रविवारी टक्क वाजलंच नव्हतं. बोटांना खोबण सापडलीच नव्हती. बोटांनी सवयीनं हालचाल केली, आणि त्यानं मनातला चेहरा देवावर घातला आणि उठून आला. मुखवटा नुसता टेकलेला होता, वजनानं एका अंगाला फिरत होता. देव हललाच नव्हता.

त्याचं पहिलं दुःख हणमंतासाठी नव्हतं, हे इथं सांगून टाकलेलं बरं. त्याला आधी वाटलं ते एवढंच, की देव आपल्याशी बोलत नव्हता. हणमंत त्याच्यामागून आठवला.

मीनाबाईच्या डोक्यात सगळं भराभर बसलं. "गप बसा," ती हळू म्हणाली. "अजिंक्यला बोलवा. त्यो आत जाईल, नीट बसवंल. गावाला वाटंल, देवाचा राग गेला."

अजिंक्य, त्यांचा मुलगा, अकलूजच्या एका डेअरीत कामाला. फोन लावला. तो म्हणाला, "दादा, लगीनसराईत सुट्टी मागितली तर काढूनच टाकतील. पुढच्या महिन्यात येतो."

"तवर बाग ऱ्हाती व्हय?" जोतिराम फोन ठेवून म्हणाला. "आन् अजिंक्यनं सरळ केला तरी हणमंताला लोटांगण घालाया लागंल. न केलेली चूक कबूल कराया लागंल. माज्या शपथेवर."

"आन् तुमी खरं सांगितलं तर? शपथ खोटी निघाली म्हणून अंघोळ जाईल आपल्या घरातनं."

मीनाबाईनं फोडांवर खोबरेल लावलं. तेही त्याला कळलं नाही, तो फक्त बघत होता.

रविवारी देवळासमोर नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. देव आज कुठं बघतोय, हे बघायला सगळ्यांना यायचंच होतं. हणमंतही आला होता, लांब उभा. जोतिराम उंबऱ्याशी बसला, पटका बांधला, पडदा सारून आत सरकला. मुखवटा उतरवला, देवावर पाणी ओतलं. पाण्याचा आवाज आला, एवढंच. मग त्यानं दोन्ही हात देवावर ठेवले आणि वाट बघितली. भुवई नाही, खळगा नाही. दगड आहे की हवा आहे, तेही कळेना.

मुखवटा बाजूला होता. पटका डोळ्यांवर होता. आणि आत दुसरं कुणी नव्हतं. नुसती गाठ जरा सैल करायची, एकदा बघायचं, खोबण शोधायची, टक्क करून मुखवटा बसवायचा. हणमंताला पाणी मिळालं असतं. घरातली अंघोळ घरात राहिली असती. आणि घोंगडीची कड उडायची वाट बघणाऱ्या त्या पोराला एकदाचं दिसलं असतं. त्याचा हात गाठीपर्यंत गेला. आता खोटं का बोला, पोचलाच.

पण मग त्याला वाटलं, बघितलं तर दगड दिसेल. चांगला असेल, वाईट असेल, दगडच दिसेल. आणि इतकी वर्षं आपण जे पाळलं ते दगड न दिसण्यासाठी नव्हतं, सांगितलंय म्हणून पाळलं होतं. सांगणाऱ्यानं कारण दिलं नाही, आपणही कारणासाठी अडून बसलो नाही. बरं, आपण बघून मुखवटा बसवला तर लोटांगण हणमंतच घालणार. म्हणजे इकडं देवाचं मोडायचं आणि तिकडं माणसाचंही राखायचं नाही. हात खाली आला. त्यानं मुखवटा देवाशेजारी तसाच राहू दिला आणि उलट्या पावलांनी बाहेर आला. पडदा नीट ओढला, मग पटका सोडला.

"देव आजून बसला न्हाय," तो म्हणाला. "आदी ऐका. देवानं तोंड फिरवलं नव्हतं. माजी बोटं मेल्यात. मुखवटा मीच वाकडा ठिवला, दोनी येळा. भंडाऱ्याची शपथ खोटी हुती. मला तवा ठावं नव्हतं, पर खोटीच."

कुजबुज झाली. मानसिंग पुढं आला. "आण्णा, हणमंताची दया आली म्हणून अंगावर घेताय का?"

"मग बघ की. माजं डोळं बांध."

मानसिंगनं पटका बांधला. जोतिरामनं तळहात पुढं केला. मानसिंगनं चंचीतून एक सुपारी काढून तळहातावर ठेवली. "काय हाय?"

जोतिरामनं बराच वेळ लावला. "लवंग हाय का?"

पोरं फिस्सकन हसली. एक म्हातारबाही हसला. मानसिंगनं सुपारी उचलली, परत ठेवल्यासारखं केलं आणि आपल्याच हातात राखली. "मूठ मिटा, आण्णा. पडंल न्हाय तर."

जोतिरामनं मूठ मिटली. घट्ट. दुसरा हात खाली धरला, पडलीच तर झेलायला.

"हाय का हातात?"

"हाय की. सोडतोय व्हय मी."

आता कुणी हसलं नाही. मीनाबाईनं पदर तोंडाला लावला आणि देवळाच्या खांबाकडं वळली. जोतिराम तसाच उभा होता, मूठ जपत. कुणी बोलत का नाही ते त्याला कळेना. शेवटी लांबून चालत आलेल्या हणमंतानं त्याच्या मागं जाऊन गाठ सोडली. जोतिरामनं मूठ उघडली आणि बघितली.

मानसिंगनं सुपारी चंचीत टाकली. खिशातून फोन काढला, मोटारीवरच्या माणसाला लावला. "हणमंताचा वॉल सोड. आत्ताच्या आत्ता." मग हणमंताकडं न बघताच म्हणाला, "जाऊन बघून घे. फिटिंग ढिली आसंल." माफीचं काही तो बोलला नाही. त्याला ते जमणाऱ्यातलंही नव्हतं.

हणमंत निघालाच होता. जोतिराम म्हणाला, "हणमंता, अंघोळ करून ये."

"कशाला?"

"देव आत उघडा बसलाय. मुखवटा बसवाया हात पायजेत."

हणमंत थांबला. त्याचा चेहरा तापला. "आण्णा, तुमच्या एका शब्दानं माजी बाग वाळली. म्हातारी घागरीनं पाणी घालतीया. आन् आता हात बी माजंच? माज्याकडं तर देवानं पाठ केली हुती."

"देवानं न्हाय," जोतिराम म्हणाला. "मी केली."

"रीत न्हाय ही," मानसिंग पुटपुटला. "गुरव सोडून दुसरं कुणी आत जात न्हाय."

"रीत डोळं झाकायची हाय. ती मोडणार न्हाय. हात कुणाचं, ते माज्या बापानं सांगितलं न्हाय." मग जोतिराम हणमंताकडं वळला. "तुजी मर्जी. येणार नसलास तरी मी काय म्हणायचा न्हाय."

हणमंतानं त्या फोड आलेल्या बोटांकडं बघितलं. मग नळाखाली गेला आणि कपड्यांसकट डोक्यावर पाणी घेतलं.

दोघांचेही डोळे बांधले. दोघं पडद्याआड गेले, जोतिराम पुढं, हणमंत त्याच्या खांद्याला धरून. आत ओल्या दगडाचा आणि तेलाचा वास होता. हणमंताचा श्वास जोरात चालला होता.

"भिऊ नको. हात म्होरं कर. गार लागंल."

"लागलं." हणमंताचा आवाज एकदम बारीक झाला. "आण्णा, गार हाय."

"डाव्या अंगाला जा. भुवईवानी कड हाय का?"

"हाय. हाय की."

त्या कडेबद्दल जोतिराम आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी बोलत होता. "आन् खाली गालाचा खळगा?"

"हाय. अंगठा बसतोय त्यात." हणमंत थांबला. "आन् हनवटीच्या खाली ह्ये काय हाय, आण्णा? बारीक बारीक रेघा हायत्या."

"रेघा?" जोतिराम पुढं झुकला. "कसल्या? मला कदी लागल्या न्हाईत."

"एकाखाली एक. पाण्याच्या लाटावानी. न्हायतर दाडीवानी."

"नीट बघ. म्हंजी, नीट चाचप."

"दाडीच आसंल."

"दाडी हाय म्हण की त्याला," जोतिराम म्हणाला आणि त्या काळोखात त्याला हसू आलं. इतकी वर्षं हाताखाली होती आणि एवढी मोठी गोष्ट सुटली. अजून काय काय सुटलं असेल, ते आता हणमंताला विचारत बसावं लागणार होतं.

जोतिरामनं सांगितलं तसा हणमंतानं देव टिपला, तेल लावलं. माथ्यामागची खोबण सापडली. मुखवटा उचलून त्यानं विचारलं, "बसवू?"

"जरा थांब," जोतिराम म्हणाला. त्यानं आपला हात पुढं केला. कुठं गेला ते त्याला कळलं नाही. "माजा हात धर, हणमंता, आन् लाव."

हणमंतानं मुखवटा खाली ठेवला. जोतिरामच्या कोपराला ओढ लागली, हात पुढं गेला, जरा वर गेला, थांबला. जोतिराम श्वास धरून वाट बघत राहिला. बाहेर बाया हळू आवाजात काही म्हणत होत्या.

"लाव की," तो म्हणाला.

"लावलाय, आण्णा. कवाच लावलाय. देवाच्या गालावर हाय तुमचा हात."

जोतिरामनं मान खाली घातली.

"मग ठीक हाय," तो म्हणाला. "आता बसव."